किटलीच्या वाफेवर उघडलेलं पत्र

माझ्या नवऱ्याला एका सिनेमाने सुधारलं, असं मी जवळजवळ सात वर्षं मानत होते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण लोक हसले असते. फक्त एका मैत्रिणीला माहीत होतं, आणि पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं असं मी बरेच दिवस म्हणत राहिले. खरं तर माझ्यामुळे झालं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. मी नागपूरला ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. माहेर सावनेरचं, वडील जिनिंगमध्ये कामाला. मॅट्रिक झाल्यावर नोकरी लागली आणि सदरला एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहिले. आमचं काम म्हणजे कानाला हेडसेट लावून लांबलचक बोर्डासमोर बसायचं, बाहेरगावचे कॉल तिकिटावर लिहून घ्यायचे, कॉर्ड लावून दोन गावं जोडायची. जोडून झालं की आपण बाजूला व्हायचं. बोर्डावर एक छोटी खटक्याची कळ असे. ती पुढे केली की दोघांचं बोलणं ऐकू येई. लाईन लागली की नाही एवढं बघण्यापुरती ती वापरायची, ऐकत बसायचं नाही. तसं कुणी सापडलं तर नोकरी जाऊ शकत होती, आणि सुपरवायझर बाई आमच्या पाठीमागून दिवसभर येरझारा घालत असत त्या त्याचसाठी.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती बसायची. इंदोऱ्याची. तिच्या वडिलांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, आणि त्या दिवशीची गर्दी तिला वडिलांच्या खांद्यावरून दिसली होती, एवढं तिने मला एकदा सांगितलं होतं. घरात पुस्तकं होती. तिच्या वडिलांची अट अशी की पुस्तक वाचून झालं की जेवताना त्याबद्दल बोलायचं. त्यामुळे तिला बोलता यायचं. मला बोलता येत नसे, मला फक्त आवडायचं.

आम्ही दोघींनी तो सिनेमा बर्डीवरच्या थिएटरात पाच वेळा पाहिला. बायकांची तिकिटाची रांग वेगळी असे, ती लहान असे, म्हणून तिकीट मिळायचं. नायक ट्रक ड्रायव्हर होता, आणि बायकोवर संशय घेणारा. ती गिरणीत कामाला जायची. कोण भेटलं, कोण बोललं, उशीर का झाला, अर्धा सिनेमा तो हेच विचारत राहतो, आणि त्या विचारण्यापायी घर मोडतं. मग बरंच काही होतं. शेवटी ती परत येते. एके दिवशी तिला घरी यायला उशीर होतो. तो दारात उभा असतो. सगळं थिएटर वाट बघतं, आता विचारणार. तो विचारत नाही. तांब्या उचलतो, तिच्या हातावर पाणी घालतो, आणि झाकून ठेवलेलं ताट तिच्याकडे सरकवतो. एक शब्द नाही. शिट्या मारणारे लोक तिथे गप्प होत. मी पाचही वेळा रडले.

त्या दृश्यात काय आहे, ते मैत्रिणीने मला ड्युटीवर दोन कॉलच्या मध्ये समजावलं होतं. तो ताट सरकवतो तेव्हा त्याचा हात थोडा मागे राहतो, तो हात पाहा, असं ती म्हणाली. पुढे लग्नानंतर सहाव्या वेळी मी नवऱ्याबरोबर गेले तेव्हा हेच त्याला मी माझं म्हणून सांगितलं.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणत आले. लिहिताना 'तो' म्हणते, कारण तेव्हाचा तो आणि मी आता मला दोघंही लहान वाटतात. तो शाळेत भूगोल शिकवायचा. लग्नानंतरची दोन वर्षं वाईट गेली. मारझोड नव्हती, आरडाओरडही नव्हती. ड्युटी संपली की तो एक्सचेंजच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभा असे. बरोबरच्या मुलींना वाटायचं, किती काळजी करतो. घरी जाताना तो हळूहळू विचारायचा. आज मुंबईच्या लाईनवर कोण होतं? तो इंजिनिअर आला होता का? हसत कोणाशी बोलत होतीस, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मी सांगत जायची, आणि जेवढं सांगायची तेवढे प्रश्न वाढायचे.

तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा मी त्याला घेऊन गेले. पुढच्या सोमवारी तो फाटकावर नव्हता. मंगळवारीही नव्हता. घरी गेले तर स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलेलं. त्याने विचारलं, दमलीस? एवढंच. त्यानंतर कधीच त्याने कोण, कुठे, का असं विचारलं नाही. मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने हेडसेट काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं वं. मला वाटलं होतं ती आणखी काही बोलेल.

मग सात वर्षांनी दुसरा सिनेमा आला. तोच नट, तोच ड्रायव्हर, पण आता चाळीस ट्रकांचा मालक. केस रंगवलेले, पोट सुटलेलं. बर्डीवर तीन मजली पोस्टर लागलं होतं. आम्ही तिघं रविवारी तीनच्या खेळाला गेलो, मी, नवरा आणि मैत्रीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या धंतोलीच्या दोन खोल्यांत ती अधूनमधून यायची आणि नवऱ्याला 'भाऊजी' म्हणायची. तोवर माझ्या मनात काही नव्हतं.

मध्यंतरानंतर बायकोच्या नावाने एक पत्र येतं. मालक झालेला तो माणूस ते पत्र घेतो, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरतो, पाकीट उघडतो. लोक शिट्या मारू लागले. मला खुर्चीत बसवेना. कुणीतरी माझ्या घरात शिरून कपाट उचकतंय असं वाटलं. पुढे हाणामारी होती, डोंगरात गाणं होतं, शेवट गोड होता. मी पत्रापुढे काही नीट पाहिलंच नाही.

बाहेर आल्यावर आम्ही चौकाजवळच्या ठेल्यावर चहाला थांबलो. मीच सुरुवात केली. त्यांनी त्याचा सत्यानाश केला, असं मी म्हणाले. ताट सरकवणारा माणूस पत्र उघडूच शकत नाही. पैसा कमवायला त्याला पुन्हा जुना केला, मग आपण पाच वेळा रडलो ते काय होतं?

मैत्रिणीने कप खाली ठेवला. "त्याले बिघडवलं नाही वं त्यांनी," ती म्हणाली. "तो न विचारायले शिकला होता. मनात न आणायले कुठं शिकला होता?"

"मग पहिला सिनेमा खोटा?"

"खोटा काहून? त्या दिवशी तो खराच होता. पण एक दिवस म्हणजे जन्म थोडीच आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो माझ्या बाजूने बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं. तो चहाच्या कपाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता जसा उन्हातून सावलीत आल्यावर होतो.

"बरोबर आहे यांचं," तो म्हणाला.

तीन शब्द. त्याने ते माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून म्हटले. सात वर्षं मी त्याच्या चेहऱ्यावर जे शोधत होते, ते तिला एका कप चहात मिळालं.

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. चोरून काही नव्हतं. सगळं माझ्या समोर, आमच्या बाहेरच्या खोलीत, दर रविवारी. त्याने ठरवलं की या दोन सिनेमांवर एका साप्ताहिकासाठी लेख लिहायचा. माणूस एकदा बदलला की बदललेलाच राहतो का, असा काहीतरी विषय. तो चार ओळी वाचून दाखवायचा, ती म्हणायची, हे पुस्तकी झालं भाऊजी, आणि तो हसायचा. माझ्याशी बोलताना तो तसा हसत नसे. मी आत पोहे परतत ऐकायची. तो संत्री सोलायचा, पाकळ्यांवरचे पांढरे धागे एकेक करून काढायचा आणि बोलता बोलता बशी तिच्याकडे सरकवायचा. घरात आम्ही दोघं असलो की तो संत्रं अख्खं हातात द्यायचा.

ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी असती तर मला सोपं गेलं असतं. तसं नव्हतं. जाड भिंगांचा चष्मा, रुंद कपाळ, केस घट्ट बांधलेले. लोक म्हणायचे मी छान दिसते. पण त्या दिसण्याचं करायचं काय? नवरा माझ्याकडे बघत होताच, सात वर्षं बघत होता. बोलत तिच्याशी होता. मी आरशात बघायची आणि मला माझा राग यायचा, मग तिचा यायचा, आणि तिचा राग आला की बरं वाटायचं.

मी चार पुस्तकं वाचून काढली. रविवारी मध्येच बोलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं की माणसाच्या अंतर्मनात द्वंद्व असतं. दोघंही नम्रपणे थांबले, मी काय म्हणते ते ऐकून घेतलं, आणि मग जिथे होते तिथून पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी मी आत जाऊन पोळ्या जाळल्या.

मग मी एक हलकटपणा केला. सुपरवायझर बाईंना जाऊन सांगितलं की तिला रविवारची ड्युटी चालते, तिला मधल्या वारी सुट्टी हवी असते, तिच्यासाठी माझ्या पाळ्या बदलल्या तरी चालेल. बाईंनी चार्ट बदलला. त्यात माझ्याही काही दुपारच्या पाळ्या सकाळच्या झाल्या. मैत्रिणीने फळ्यावरचा चार्ट वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला मी सांगितलं, तिला आता रविवार मोकळा नसतो. तो म्हणाला, अरेरे. मी मोजत होते, तो किती वेळा अरेरे म्हणतो ते.

त्याच महिन्यात त्याला शिक्षकांच्या शिबिरासाठी पंधरा दिवस सावनेरला जावं लागलं. माझ्या वडिलांकडेच उतरला होता. मी निर्धास्त होते. सावनेरला ती नव्हती.

तो बुधवार होता. माझ्या बदललेल्या पाळ्या तो गेल्यावर सुरू झाल्या होत्या; नव्या चार्टप्रमाणे मी सकाळी होते, जुन्याप्रमाणे दुपारी असते. अकराच्या सुमारास सावनेरच्या ऑपरेटरने मला कॉल दिला. पीपी कॉल, म्हणजे विशिष्ट माणसाच्याच नावाचा. कोण हवं ते त्याने सांगितलं. माझ्या मैत्रिणीचं नाव. कोण बोलतंय म्हणून विचारलं. पोस्टातून एक गुरुजी बोलून राहिले, असं म्हणून त्याने माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

मी तिकिटावर दोन्ही नावं लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं, हे मला आजही आठवतं. ती तेव्हा चहाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत होती, तिथे एक फोन होता. मी वाजवला. तिने उचलला. मी रोजच्या आवाजात म्हटलं, सावनेर, पीपी, बोला. म्हणजे बोर्डावर मी आहे, हे तिला कळलंच. कॉर्ड लावली, दोन गावं जोडली, आणि बाजूला व्हायच्या ऐवजी कळ पुढे केली.

"भाऊजी? बोला."

"तिची ड्युटी दुपारची आहे ना आज?" माझ्या नवऱ्याचा आवाज. उत्तराची वाट न बघता तो बोलत सुटला. लेख पुरा होत नाही. त्या ड्रायव्हरबद्दल लिहायला बसतो आणि स्वतःबद्दल लिहून होतं. "तिला वाटते मी सुधारलो. मी फाटकावर उभा राहत नाही, एवढंच झालं. तिचा चार्ट मला पाठ असतो. शाळेतून मुद्दाम एक्सचेंजवरून येतो, तिथल्या सायकल स्टँडवर तिची सायकल दिसली की मग घरी जातो. नाही दिसली तर दोन चकरा मारतो. सात वर्षं झाली. विचारत नाही, बस."

"हे मले काहून सांगून राहिले तुम्ही?"

"तुम्हाला कळलं होतं म्हणून. त्या दिवशी ठेल्यावर."

"मले सिनेमातल्या माणसाचं कळलं होतं. तुमचं नाही." ती थांबली. "हे तिले सांगा, भाऊजी."

"तिला सांगितलं तर ती..."

"आताच सांगा. ती ऐकून राहिली."

ऑपरेटरला कळतं. कळ पुढे झाली की लाईनवरचा आवाज किंचित खाली जातो. बाहेरच्या माणसाला ते जाणवत नाही, आम्हाला जाणवतं. तिला पहिल्या शब्दापासून माहीत असणार.

मी कॉर्ड उपटली.

सुपरवायझर बाई दोन खुर्च्या पलीकडे होत्या. त्यांनी मान वळवली, मी दुसरा कॉल घेतला. हात चालत होते. डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती लाजेची नव्हती. त्या बोलण्यात प्रेमाचं एक अक्षर नव्हतं. असतं तर मी रडले असते, भांडले असते, माहेरी गेले असते, त्याचे रस्ते आखलेले असतात. पण त्याने आपलं सगळ्यात वाईट तिला दिलं होतं. मला सात वर्षं चहाचं आधण आणि दमलीस का. जे लपवायचं असतं तेच माणूस ज्याला देतो, तो त्याचा जवळचा. त्या जागी मी असायला हवं होतं.

सुट्टी संपवून ती आली, शेजारी बसली, हेडसेट लावला. माझ्यासमोरचं तिकीट तिने वाचलं.

"काय लिहिलं यावर?"

"लाईन तुटली."

"तुटली नाही. तू तोडली."

एवढंच. सुपरवायझर बाईंकडे ती गेली नाही. गेली असती तर माझी नोकरी त्या दिवशी संपली असती. ती गेली नाही याचाही मला राग आला. चांगलं वागण्यातही तीच पुढे.

दोनला पाळी संपली. घरी आले, जेवण गेलं नाही. चारच्या सुमारास दार वाजलं. नवरा एस.टी.ने आला होता, शिबिर अर्धं टाकून. वडिलांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याच्या हातात पिशवी होती आणि ती खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"तोडलं तिथपर्यंत."

तो खाटेवर बसला. मग तो जे बोलला ते सलग नव्हतं, आणि मी आता ते सलग करून सांगते एवढंच. त्या सिनेमानंतर त्याने खरंच ठरवलं होतं. पहिला महिना अभिमानाचा गेला. मग त्याला दिसलं की मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते, मैत्रिणींना सांगते, नवरा किती समजूतदार. त्या नजरेची त्याला सवय लागली आणि भीतीही. प्रश्न जिथल्या तिथे होते. ते रस्त्यावर सोडून तो घरी यायचा. दुसऱ्या सिनेमात पत्र उघडलं गेलं तेव्हा त्याला वाटलं, हा माणूस निदान सापडला. आणि मी ठेल्यावर म्हणाले की असा माणूस पत्र उघडूच शकत नाही, तेव्हा त्याला वाटलं की आता हिला कधीच सांगता येणार नाही.

मी विचारलं, "पण तिलाच काहून?"

मी घरात अशी बोली बोलत नसे, ती त्या दिवशी निघून आली.

"तुझ्यासमोर मी सुधारलेला माणूस होतो," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर मी कोणीच नव्हतो."

एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण ती खरी आहे. माझी सायकल दिसेपर्यंत तो सात वर्षं चकरा मारत होता, हे ऐकून मला आतून कुठेतरी आनंद झाला. जे दोन वर्षं मला गुदमरवत होतं त्याचाच आनंद. तो मी त्याला दाखवला नाही. मग मी माझं सांगितलं, रविवारचा चार्ट मी बदलवला ते. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "त्यांना माहीत आहे?" त्याच्या आवाजात मैत्रिणीबद्दलची काळजी होती, आणि आमचं सगळं बोलून झालेलं असताना, इतकं मोकळं झालेलं असताना, ती काळजी मला काट्यासारखी टोचली.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीची माफी मागितली. एक्सचेंजच्या मागे नळ होता तिथे. कॉलबद्दल मागितली आणि चार्टबद्दलही. तिने डबा धुऊन होईपर्यंत ऐकून घेतलं.

"तक्रार मी करणार नाही," ती म्हणाली. "तुझी नोकरी गेली तर तू घरी बसशीन आणि दिवसभर त्याच्यावर नजर ठेवशीन. ते त्यालेही चांगलं नाही अन् तुलेही नाही."

मी विचारलं, मग मला माफ केलंस ना. ती म्हणाली, ते मी आज सांगू शकत नाही, आणि डबा पुसत निघून गेली. तिने ते नंतरही कधी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

सिनेमा उतरायच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटी दुपारच्या खेळाला गेले. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. या वेळी मी पत्राच्या पुढचं सगळं पाहिलं. तो पाकीट उघडतो, पत्र वाचतो, त्यात काही नसतं, भावाचं पत्र असतं. पुढच्या मिनिटाला बाजारात हाणामारी. बस. मैत्रिणीचं म्हणणं मला तिथे बसल्या बसल्या पटलं, तो उघडू शकतो. माझ्या घरातलाच माणूस उघडत होता, आणि मीसुद्धा उघडलं होतं, कळ पुढे करून. पण माझं म्हणणंही मला सुटेना. त्या ड्रायव्हरने मधली वर्षं काय केलं? रोज किटलीकडे बघून हात मागे घेतला असेल, किती तरी पत्रं न उघडता बायकोच्या हातात दिली असतील, ते कुणी दाखवलंच नाही. माणूस घसरतो हे खरं आहे, पण तो किती दिवस घसरला नव्हता हे न दाखवता त्याला घसरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यांनी ड्रायव्हरशी दगा केला असं मला आजही वाटतं, फक्त तेव्हा वाटत होतं त्या कारणासाठी नाही.

हे मी तिला बोर्डावर सांगितलं. आमचं बोलणं तेव्हा कामापुरतंच उरलं होतं. तिने एक कॉल जोडून दिला, कळ मागे घेतली आणि थोडा विचार करून म्हणाली, हे बरोबर आहे. इतक्या वर्षांत माझं एखादं बोलणं तिला बरोबर वाटल्याचं तिने पहिल्यांदा म्हटलं. ते 'बरोबर' मी दिवसभर पुरवलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगायला गेले आणि लक्षात आलं की मी सांगत होते ते सिनेमाबद्दल नव्हतं, ती मला बरोबर म्हणाली हे होतं.

लेख त्याने पुरा केला नाही. कागद भूगोलाच्या नकाशांच्या गुंडाळीत ठेवून दिले. घरात मात्र एक बदल झाला. तो पुन्हा विचारू लागला. उघड, जेवताना, थोडा ओशाळून. आज मुंबईच्या लाईनवर कोण होतं? मी सांगायची. कधी कधी मी चिडायची आणि सांगायची नाही, मग तो गप्प बसायचा, आणि ते गप्प बसणं मला आता कळायचं. हे सुख होतं असं मी म्हणणार नाही. पण जे होतं ते खरं होतं.

पुढच्या वर्षी मैत्रीण परीक्षा देऊन सुपरवायझर झाली आणि तिची बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी तिने मला सांगितलं नाही, मला फळ्यावरून कळलं. मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, तुम्ही एस.टी. स्टँडवर जा, तिच्याबरोबर सामान असेल. तो म्हणाला, तूही चल. मी म्हटलं, मला डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. मी तिथे गेले असते तर दोघांच्या मध्ये उभी राहिले असते, आणि मला निदान एकदा तसं उभं राहायचं नव्हतं.

तो गेला. मी तांदूळ निवडायला बसले. आमच्या घरापासून स्टँड सायकलवर वीस मिनिटं, गाडी सव्वापाचची. म्हणजे साडेपाच-पावणेसहापर्यंत यायला हरकत नव्हती. तो साडेसहाला आला. मी काही विचारायच्या आत त्यानेच सगळं सांगितलं, गाडी उशिरा लागली, तिची ट्रंक टपावर चढवली, तिच्या वडिलांशी बोललो, तिने खिडकीतून तुझ्यासाठी एक पुस्तक दिलं. पुस्तक त्याने माझ्यापुढे ठेवलं. मी ते उघडून आधी पहिलं पान पाहिलं, काही लिहिलंय का म्हणून. काही लिहिलेलं नव्हतं.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

तो म्हणाला, काही नाही. मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हटलं, नीट आठवून सांगा.